डिप्रेशनची गोळी आणि बेडरूम: डॉक्टरनं आधीच सांगावं का नको?

रंकाळा_कट्टा: माझं मत सरळ आहे, गोळी लिहितानाच सांगून टाकायचं. आमच्या एका दोस्ताला एस्सिटालोप्राम सुरू झाली, डॉक्टरनं मळमळेल, झोप बिघडेल सगळं सांगितलं पण ह्या गोळीनं इच्छा कमी होते, वीर्य पडायला लई वेळ लागतो हे काय बोलला नाही. गड्याला वाटलं आपल्यातच खोट, बायकोला वाटलं बाहेर काहीतरी शिजतंय. शेवटी त्यानं कुणाला न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या, मग चक्कर काय, डोक्यात करंट मारल्यासारखं काय.

पांढरा_रस्सा: अरे पण डिप्रेशन स्वतःच इच्छा मारतं ते? माझं गोळीच्या आधीच सगळं थंड होतं, गोळीनं उलट बायकोशेजारी बसून बोलावंसं तरी वाटायला लागलं. तालमीतल्या पोराला आधीच 'उदास वाटतंय' म्हणायला लाज, त्यात हे ऐकवलं तर तो दवाखान्याची पायरी परत चढंल का?

गंगावेस_ताई: सगळे पुरुषांचंच बोला. मला सर्ट्रालिन ह्या डिप्रेशनच्या गोळीनं काही जाणवेनासंच झालं, डॉक्टरना सांगितलं तर म्हणाले, दोन मुलं झालीत ना, आता काय! डॉक्टर बदलला, त्यांनी मिर्टाझापिन ही दुसरी गोळी दिली. ते जमलं पण वजन वाढलं, आता ब्लाउज सगळे उसवून आणलेत.

मेडिकलवाला: ह्या गोळ्यांनी मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढलं की हे होतं. शीघ्रपतनावरची डॅपॉक्सेटिन एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनच्याच जातीतली हाय, म्हणजे एकाचा त्रास तो दुसऱ्याचा इलाज. डोस कमी करणं, ब्युप्रोपिऑनसारखी डिप्रेशनची दुसरी गोळी असे मार्ग हायत, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. लोक गुपचूप येऊन सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मागतात, छातीदुखीची नायट्रेटची गोळी चालू असली तर बीपी धाडकन पडतं आणि जीवावर बेततं. डिप्रेशनची गोळी बंद केल्यावरही काहींचा हा त्रास राहतो, म्हणून 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकानं माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला.

पांढरा_रस्सा: बघा, हे वाचूनच चार जण पळतील. रडत आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नको, दुसऱ्या भेटीत सांगा.

रंकाळा_कट्टा: दुसऱ्या भेटीपर्यंत गडी गोळीवर टिकला पाहिजे की! मन उचलायला काही आठवडे जातात, हा त्रास त्याच्या आधीच हजर होतो.