पुन्हा ब्रेडीच! (मूळ विषय: हळदीकुंकवाला राहिलेली भांडी)

प्रेषक: वैशाली, कार्यकारिणीतर्फे
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:१२

मंडळी,

कालचं हळदीकुंकू छान पार पडलं, सगळ्यांचे आभार. हॉलच्या किचनमध्ये दोन स्टीलचे डबे, एक झारा आणि झाकण नसलेला एक कुकर राहिलाय. कुकरवर 'कुलकर्णी' कोरलंय, पण आपल्या यादीत अकरा कुलकर्णी आहेत, तेव्हा ज्याचा त्याने ओळखून न्यावा. आणि हो, पाच वाजल्यापासून निम्मे पुरुष कोट घालून दारात उभे होते, ते दिसलं बरं का. पुढच्या वर्षी सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलची, तारीख बघूनच हॉल घेऊ.

प्रेषक: मंदार
सोमवार, सकाळी ९:४०

वैशालीताई, दारात पहिला मीच होतो, माफी असावी. इतकी घाई करून बघितलं काय, तर ईगल्सकडून चीफ्स संघाची धुलाई. हाफटाइमला २४-०, शेवटी ४०-२२. सलग तिसऱ्यांदा जिंकायला निघाले होते, ईगल्सनी त्यांच्या महोम्सला, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला, सहा वेळा आडवा केला.

आता तरी सगळ्यात महान क्वार्टरबॅक कोण, 'महोम्स ब्रेडीला गाठणार' हा विषय मिटवू या का? इकडे सुपर बोल जिंकल्याच्या तीन अंगठ्या, तिकडे सात. दोघं सुपर बोलमध्ये समोरासमोर आले तेव्हा ३१-९ झालं होतं आणि ब्रेडी तेव्हा ४३ वर्षांचा होता. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, १९८ जणांना उचलल्यावर बॉस्टनच्या संघात ब्रेडीचा नंबर लागला. मीही त्याच वर्षी बॉस्टनला उतरलो, म्हणजे तो माझ्या बॅचचा. तेव्हा माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नये.

प्रेषक: रोहन
सोमवार, सकाळी १०:०५

मंदारकाका, महोम्स आत्ता २९ वर्षांचा आहे. २९ व्या वर्षी ब्रेडीकडे किती होत्या? तीनच. आणि काल त्याला राखणारी लाइन फुटली त्याला तो काय करणार? ईगल्सनी ब्लिट्झसुद्धा केला नाही, म्हणजे जादा गडी अंगावर पाठवले नाहीत, पुढच्या चौघांनीच पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवतीचं कडं, मोडलं. (मराठी चुकलं असेल तर आई दुरुस्त करेल, ती पण लिस्टवर आहे.)

प्रेषक: शरद
सोमवार, दुपारी १:३२

मंदार, रोहन,

तुम्ही दोघं पोरं. ज्याने एकही सुपर बोल हरलेला नाही, त्या जो मोंटानाचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो.

मी १९८१ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो. फुटबॉल म्हणजे आमच्यासाठी मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स कप. जानेवारीत एका मित्राकडे जेवायला गेलो, टीव्हीवर हे सुरू होतं. चेंडू सरळ हातात धरलाय आणि पंच शिट्टी मारत नाही, हेच मला कळेना. शेवटचं मिनिट. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक मोंटाना उजवीकडे पळतोय, डॅलसचे तीन धिप्पाड गडी अंगावर येतायत, तो मागे सरकत सरकत पार रेषेजवळ गेला आणि चेंडू वर भिरकावला. मला वाटलं, टाकून दिला. मागच्या कोपऱ्यात त्याच्याच संघातल्या ड्वाइट क्लार्कने उडी मारून बोटांच्या टोकांनी धरला. २८-२७. मित्राच्या हातातला वरणाचा वाडगा गालिच्यावर. तो डाग ते घर सोडेपर्यंत होता. त्या झेलाला अख्खं अमेरिका नुसतं 'द कॅच' म्हणतं, हे मला पुढे समजलं.

मग १९८९ चा सुपर बोल, मायामी. सिनसिनाटी १६-१३ ने पुढे. आपल्याच रेषेपासून ८ यार्डांवर आमचा चेंडू, ३ मिनिटं १० सेकंद शिल्लक, ९२ यार्ड जायचंय. गडी घोळका करून उभे, घशाला कोरड पडलेली, आणि मोंटाना एकाला म्हणतो, तो बघ स्टँडमध्ये जॉन कँडी! सिनेमातला विनोदी नट दाखवतोय! ३४ सेकंद उरले असताना जॉन टेलरच्या हातात टचडाउन दिला, चेंडू शेवटच्या रेषेपार. चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, ११ टचडाउन पास आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेले पास, शून्य.

वर तो कुठल्या काळात खेळला ते बघा. आता क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली हात लावला तरी पंचाचा दंडाचा पिवळा रुमाल पडतो, आणि तो नियम कडक झाला तुमच्या ब्रेडीचा गुडघा गेल्यावर. मोंटानाला १९९१ च्या जानेवारीत न्यूयॉर्क जायंट्सच्या लेनर्ड मार्शलने मागून येऊन असा उचलून आपटला की पुढचे जवळजवळ दोन सीझन तो मैदानाबाहेर. आमच्या गावसकरसमोर माल्कम मार्शल, याच्या पाठीमागे लेनर्ड मार्शल. हेल्मेट न घालता काढलेल्या धावा आणि आजच्या धावा एकाच तराजूत घालायच्या का, एवढंच विचारतो.

प्रेषक: मंदार
सोमवार, दुपारी १:५८

काका, मोंटाना चार खेळला आणि चार जिंकला. ब्रेडी दहा खेळला. म्हणजे सेमीफायनलला हरलं की रेकॉर्ड स्वच्छ आणि फायनलला हरलं की डाग? हे कुठलं गणित?

प्रेषक: वैशाली
सोमवार, रात्री ९:४७

भांडी राहिली बाजूलाच. आता मीही लिहितेच.

शरदकाका, तुम्ही सांगितलेल्या त्या आपटण्यापासूनच सुरुवात करते. त्या दिवशी जायंट्सनी तुमच्या फोर्टीनाइनर्सना १५-१३ ने हरवलं, शेवटच्या किकवर (चेंडू लाथेने खांबांमधून घातला की तीन गुण). आठवडाभराने तेच जायंट्स सुपर बोलला, समोर बफेलो. जायंट्सचा क्वार्टरबॅक कोण, तर होस्टेटलर, राखीव खेळाडू, कारण सिम्स जायबंदी. समोर जिम केली. जायंट्स २०-१९ ने पुढे, आठ सेकंद उरलेले. बफेलोच्या नॉरवुडने ४७ यार्डांवरून किक मारली ती उजवीकडून बाहेर गेली. होस्टेटलरला अंगठी. केली पुढे सलग तीन सुपर बोल हरला आणि जन्मभरासाठी 'चार वेळा हरलेला' झाला.

आता मंदारच्या ब्रेडीचा २००२ सालचा पहिला सुपर बोल घ्या. १७-१७, शेवटची किक, ४८ यार्ड. ब्रेडीच्या संघाच्या विनाटिएरीने मधोमध घातली. ब्रेडी दंतकथा झाला. किक कोणाची? तेव्हा क्वार्टरबॅक काय करत होता? बाजूला हेल्मेट हातात घेऊन उभा होता, केलीसारखाच.

त्या सामन्यात ब्रेडीचे पास किती यार्डांचे? १४५. सामनावीर तोच. २०१९ ला रॅम्सना १३-३ ने हरवलं, ब्रेडीचा एकही टचडाउन पास नाही, अंगठी सहावी. आणि २०१८ ला ईगल्सविरुद्ध ५०५ यार्ड, सुपर बोलचा विक्रम, तीन टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. तो सामना हरला, ४१-३३. मी ब्रेडीची भक्त नाही, पण माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी रात्र तीच. तुमच्या अंगठ्यांच्या हिशेबात ती रात्र शून्य धरली जाते. एका हाताला पाच बोटं आणि सात अंगठ्या, मोजायलाच सोपं, म्हणून मोजतात.

आता माझा माणूस. आम्ही ऐंशीच्या शेवटी ह्यूस्टनला होतो, तिथे ऑइलर्स संघ आणि त्यांचा क्वार्टरबॅक वॉरन मून. १९७८ च्या जानेवारीत वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल, हा कॉलेजांचा मोठा सामना, जिंकून दिला, त्या सामन्याचा मानकरी. त्यानंतरच्या ड्राफ्टच्या बाराच्या बारा फेऱ्या झाल्या, पण त्याचं नाव एकदाही पुकारलं गेलं नाही. कृष्णवर्णीय मुलाने पळावं, झेल घ्यावेत, डोक्याचं काम दुसऱ्यांनी करावं, असा तेव्हाचा न लिहिलेला कायदा. जागा बदल म्हणाले, हा नाही म्हणाला आणि कॅनडात एडमंटनला गेला. तिथे सलग पाच ग्रे कप, म्हणजे कॅनडाचा सुपर बोलच. १९८४ ला ह्यूस्टनने बोलावला तेव्हा २७ वर्षांचा होता. ती सहा वर्षं कुठल्या यादीत धरायची, मंदार? काल मैदानावर महोम्स आणि ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स होते. दोघंही कृष्णवर्णीय, आणि टीव्हीवर कोणाला त्याचं फारसं आश्चर्यही वाटलं नाही. मूनने हे बघितलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, मला ते जाणून घ्यायला आवडेल.

आणि २८-३ हा आकडा बॉस्टनकरांना फार गोड लागतो ना? अटलांटाविरुद्ध तेवढ्या मागून येऊन ब्रेडीने सुपर बोल जिंकला ते मैदान ह्यूस्टनचंच. आम्हाला २८-३ वेगळा माहीत आहे. ३ जानेवारी १९९३, बफेलोत प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. हाफटाइमला आपण २८-३ ने पुढे, चारही टचडाउन मूनचे. घरी पाहुणे होते, मी निवांत पोळ्या करायला आत गेले. लगेच ओरडा ऐकला, ३५-३ झालं. मग बाहेरचा आवाजच बंद. डोकावले तर यजमान आणि पाहुणे सोफ्याच्या कडेला बसलेले, कोणी कोणाकडे बघत नाही. सात मिनिटांत बफेलोचे चार टचडाउन. शेवटी जादा वेळेत ४१-३८. बफेलोचा क्वार्टरबॅक त्या दिवशीही राखीवच, फ्रँक राइक. केली जखमी होता. पोळ्या कोणी खाल्ल्या नाहीत. राइकला कोणी महान म्हणत नाही आणि मूनला त्या दिवसाचं बोल अजून लावतात.

प्रेषक: रोहन
सोमवार, रात्री १०:१५

वैशालीमावशी, वॉव. मी मूनचं नाव फक्त व्हिडिओ गेममध्ये बघितलं होतं.

प्रेषक: मंदार
सोमवार, रात्री ११:२०

ताई, मूनबद्दल काही बोलायचं नाही, कान पकडतो. पण किकबद्दल बोलणार.

त्याआधीची रात्र सांगतो. १९ जानेवारी २००२, रेडर्स संघाविरुद्ध बर्फातला सामना. आम्ही चार विद्यार्थी, अँटेना हातात धरून टीव्ही बघतोय. त्यांच्या वुडसनने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला, सगळं संपलं, एकाने रागाने बुटात पाय घातले. पंचाने फेरतपासणी करून निकाल फिरवला, हात पुढे येत होता म्हणे, म्हणून पास धरला. तो नियम २०१३ ला काढून टाकला, आम्हाला पाहिजे होता तेवढे दिवस टिकला. मग विनाटिएरीची ४५ यार्डांची किक, त्या बर्फात. नशीब होतं, कबूल.

पण दोन आठवड्यांनी फायनल. १ मिनिट २१ सेकंद, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही, स्वतःच्या १७ यार्डांवर चेंडू. टीव्हीवर समालोचक जॉन मॅडन सांगतोय, गप खाली बसा आणि जादा वेळेत जा. पहिल्यांदाच नियमित खेळणारा पोरगा ऐकेल ना. हा छोटे छोटे पास टाकत ५३ यार्ड घेऊन गेला आणि शेवटचा चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं. किक विनाटिएरीची. पण विनाटिएरीला त्या जागी उभा कोणी केला?

प्रेषक: वैशाली
मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

मंदार, त्या १९९१ च्या शेवटच्या चालीत केली बफेलोला स्वतःच्या १० यार्डांवरून जायंट्सच्या २९ पर्यंत घेऊन गेला. मोज, ६१ होतात. तुझ्या ब्रेडीपेक्षा आठ जास्त.

कुकर अजून माझ्या गाडीत आहे.

प्रेषक: शरद
मंगळवार, सकाळी ८:०५

कुकर आमचा असावा. हिला विचारलं, झाकण घरी सापडलं. संध्याकाळी घ्यायला येतो. मंदारलाही बोलाव, १९८९ ची टेप आहे माझ्याकडे, व्हीसीआर अजून चालतो.