मदत हवी आहे: शुक्राणू कमी आलेत, भाजीवरच्या औषधामुळे की फवारणीमुळे?

नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. माझ्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, तेव्हा कुठे मिस्टर तपासणीला तयार झाले. शुक्राणू मिलिलिटरमागे ९० लाख आणि हालचाल २८ टक्के आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के आहे. त्याखाली म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. व्हेरिकोसील (अंडकोषातल्या शिरा फुगणं) नाही, हार्मोन्स ठीक. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासणी. तंबाखू सोडायला सांगितली आहे, ती कमी होतेय.

घरात आता सगळा रोख खाण्यावर आहे. नणंदबाई म्हणतात, बाजारची भाजी बंद करा. त्यांचं अगदीच चूक नाही. एक्स्पोर्टच्या द्राक्षांतला रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, लॅबमध्ये तपासला जातो (२०१० मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता, ते इथे कोण विसरेल), पण आज फवारलेली मेथी किंवा टोमॅटो उद्या बाजारात गेला तर विचारणारं कोणी नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध मिठाच्या पाण्याने धुऊनही जात नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या वंध्यत्व केंद्रातल्या पुरुषांवरचा २०१५ चा अभ्यास वाचला. जास्त रेसिड्यूची फळं-भाज्या सर्वांत जास्त खाणाऱ्यांचे एकूण शुक्राणू, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या जवळपास निम्मे होते. पण एकूण फळं-भाज्या किती खाल्ल्या याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणून भाजीच बंद करणं मला पटत नाही.

मला खरी भीती फवारणीची वाटते. डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) दिवसांत एक दिवसही खाडा नसतो. ब्लोअरचं (फवारणी यंत्राचं) नोझल तुंबलं की मिस्टर ते काढून तोंडाने फुंकर मारतात. ड्रममध्ये हात कोपरापर्यंत घालून औषध ढवळतात. मास्क आणलाय, तो शेडमध्ये खिळ्याला लटकतोय. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार वंध्य झाल्याचं उघड झालं. त्यांना ते खाण्यातून नव्हे, कामावरच लागलं होतं. सासरे म्हणतात, गावात सगळेच फवारतात आणि सगळ्यांना पोरं आहेत. यावर मला उत्तर सुचत नाही.

माहीतगारांनी कृपया सांगा. फवारणी दुसऱ्याकडे दिल्यावर कुणाचा रिपोर्ट सुधारला का, आणि किती दिवसांनी? रक्तातली कोलिनेस्टेरेज तपासणी सांगतात, पण ती ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या गटांपुरतीच ना? आमच्याकडे बुरशीनाशकंच जास्त मारतात, मग तिचा उपयोग होईल का? घरच्या भाजीचा नमुना तपासून देणारी लॅब नाशिकमध्ये आहे का, खर्च किती येतो? आणि गडी लावून फवारणी करून घेतली तर तोच त्रास त्याच्या माथी मारतोय असं वाटतं, त्यामुळे ट्रॅक्टरला बंद केबिन बसवलेल्या कुणाचा अनुभव असेल तर तोही लिहा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काय ते ठरवायचंय.