अ‍ॅडम स्मिथ व्यापाऱ्यांच्या बाजूचा होता का?

निफाडकर:
आमच्या घरी कांद्याची शेती आहे आणि मी नाशिकमध्ये अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात स्मिथ म्हणजे ‘अदृश्य हात’ (प्रत्येकाने स्वतःचा फायदा पाहिला तरी बाजारातून सगळ्यांचे भले साधते, हा विचार) एवढेच सांगितले जाते; परंतु बाजार समितीच्या लिलावात मोजकेच व्यापारी बोली लावत असताना हा हात कोणाच्या बाजूने चालतो, हे मला उमगत नाही. स्मिथने याचा विचार केला होता का?

गोदाकाठ:
केला होता, आणि बराच कठोरपणे. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो म्हणतो की एकाच धंद्यातले लोक करमणुकीसाठी जमले, तरी बोलणे अखेरीस भाव चढवण्याच्या युक्तीवर येते. आपला प्रश्न मात्र भाव पाडण्याचा आहे. त्यासाठी मजुरीवरचे प्रकरण पाहावे, कारण मजुरी वाढू न देण्याबाबत मालकांची सदैव मूक एकजूट असते, हे निरीक्षण तिथे आहे. खरेदीदार थोडे आणि विकणारे पुष्कळ, हीच ती परिस्थिती. ‘अदृश्य हात’ हे शब्द त्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतात. ईस्ट इंडिया कंपनीसारख्या मक्तेदार व्यापाऱ्यांचे राज्य हे तर त्याच्या मते बहुधा सर्वांत वाईट राज्य.

जुना शिक्षक:
स्मिथ मुळात ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, हे विसरले जाते. त्याचा १७५९चा पहिला ग्रंथ माणसाला दुसऱ्याचे सुखदुःख कसे जाणवते आणि आपण आपल्याच वर्तनाकडे तटस्थ प्रेक्षकाच्या नजरेने कसे पाहतो, याविषयी आहे. (खुल्या व्यापाराचा हा पुरस्कर्ता १७७८पासून एडिनबरोत जकात आयुक्त होता, ही गंमत वेगळीच.)

कांदेनवमी:
वरील उत्तरे एका बाजूला झुकलेली वाटतात. टंचाईवर सरकारने चुकीचे उपाय बळाने लादल्यामुळेच तिचा दुष्काळ होतो, असे त्याने धान्यव्यापाराच्या विवेचनात बजावले असून १७७०च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखलाही दिला आहे. तेव्हा डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी त्याला पटली असती, असे मला वाटत नाही.

गोदाकाठ:
मान्य. व्यापाऱ्यांचे संगनमत आणि सरकारची बंदी या दोहोंवर तो एकाच कारणाने टीका करतो: दोन्हींत बाजारातली मोकळी स्पर्धा कमी होते. निफाडकर, आपण पहिल्या भागातील आठवे आणि दहावे प्रकरण आधी वाचावे. श्रमविभागणी समजावणारे टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण वर्गात झालेच असेल.