कोळंबीतलं आर्सेनिक: 'एकूण' आकडा पाहून रोगप्रतिकारक पेशींची काळजी करावी का?

शेवंड: कोळंबी-खेकड्याच्या तपासणीत किलोमागे काही मिलिग्रॅम आर्सेनिक दिसलं की लोकांना सोमल (आर्सेनिकचं जुनं विष) आठवतो. माझ्या मते पेशींना धोका किती, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. मासळीतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या, रूपात असतं. जपानमध्ये उंदराच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) झालेल्या प्रयोगांत आर्सेनाइट या असेंद्रिय रूपाच्या सुमारे ५ मायक्रोमोलरला (मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) निम्म्या पेशी मेल्या. आर्सेनोबीटेन १० मिलिमोलरपर्यंत (मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) नेलं तरी पेशी शाबूत. फरक किमान २,००० पटींचा. आर्सेनाइट प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतं. आर्सेनोबीटेनमध्ये आर्सेनिकच्या चारही हातांना कार्बन आहे, चिकटायला हात मोकळाच नाही. ताटातला हिशोब करा: किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं तर २०० ग्रॅम कोळंबीत १ मिलिग्रॅम, म्हणजे १३ मायक्रोमोल. सगळं ४० लिटर शरीरद्रवात पसरलं तरी ०.३ मायक्रोमोलर, आणि तेही लघवीवाटे बहुतांशी जसंच्या तसं बाहेर पडतं.

खारवट: आर्सेनोबीटेनपुरतं मान्य. पण 'मासळीतलं आर्सेनिक' म्हणजे तेवढंच नव्हे. समुद्री शेवाळात आणि शिंपल्यांत आर्सेनोशर्करा (साखरेला जोडलेलं आर्सेनिक) असतात. शरीरात त्यांचं डायमिथाइल-आर्सेनिक आणि त्याची गंधकयुक्त रूपं होतात. तेलकट मासळीत आर्सेनोलिपिडं (चरबीला जोडलेलं आर्सेनिक) सापडतात आणि त्यातली काही यकृताच्या व मूत्राशयाच्या पेशींना आर्सेनाइटइतक्याच मात्रेत, मायक्रोमोलरमध्येच मारतात. हीच तपासणी रोगप्रतिकारक पेशींवर पुरेशी व्हायच्या आधी 'निर्धोक' म्हणणं घाईचं आहे.

दुसरं, पेशी जगल्या की मेल्या हे पाहायला वापरतात त्या एमटीटी चाचणीत दिसतो तो जांभळा रंग, म्हणजे पेशीची रंगद्रव्य क्षपण करण्याची क्षमता. पेशी जिवंत आहे पण जंतू गिळत नाही, सायटोकाइन (इतर पेशींना संदेश देणारी प्रथिनं) सोडत नाही, हे त्यात कळत नाही.

शेवंड: चाचणीबद्दलचा आक्षेप रास्त आहे. भक्षणक्षमता वेगळी मोजलीच पाहिजे, आणि १० मिलिमोलरला परासरण दाब वाढतो म्हणून तेवढंच ग्लायसीन बीटेन (तशाच रचनेचं, पण आर्सेनिक नसलेलं संयुग) घातलेला नियंत्रण-संच हवा. पण डायमिथाइल-आर्सेनिकची मात्राही पाहा: त्याच मॅक्रोफेजमध्ये पेशी आत्मनाशाकडे वळतात त्या सुमारे ५ मिलिमोलरला. जेवणातून तेवढं साचत नाही.

खारवट: तो आकडा पंचसंयुजी रूपाचा, म्हणजे ज्यात आर्सेनिकची संयुजा पाच असते त्याचा. त्रिसंयुजी (संयुजा तीन असलेलं) रूप कितीतरी पट विषारी. आणि हिजिकी शेवाळात तर असेंद्रिय आर्सेनिकच भरपूर, म्हणून ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २००४ साली ते खाऊ नका म्हणून सांगितलं. 'समुद्रातलं सगळं सौम्य' हे वाक्य तिथे टिकत नाही.

मापक: दोघांचाही वाद 'एकूण' मोजून सुटणार नाही. स्तंभातून रूपं वेगळी करून आयसीपी-एमएसवर (अणूंचं वस्तुमान ओळखून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. सुकट-खाऱ्या मासळीत मोठी अडचण मिठाची: आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ मिळून ७५ वस्तुमान होतं, अगदी आर्सेनिकइतकं. असे जोड-आयन गाळणारा हेलियम टक्करकक्ष न वापरल्यास आकडा फुगतो. उलट हायड्राइड पद्धतीत (आर्सेनिकचा वायू करून मोजण्याच्या पद्धतीत) आर्सेनोबीटेन नीट विघटित झालं नाही तर आकडा खाली येतो. लघवीचं एकूण आर्सेनिक मोजायचं असेल तर किमान ३ दिवस मासळी बंद ठेवा. नाहीतर कालची कोळंबी विहिरीच्या पाण्याच्या खात्यावर पडते.

खारवट: मग निदान अहवालात असेंद्रिय आर्सेनिकची वेगळी ओळ मागू या. ऑस्ट्रेलियात मर्यादाच तशी आहे: मासे-कवचधारींना किलोमागे २ मिलिग्रॅम, शिंपले आणि शेवाळाला १, आणि तीही असेंद्रियाचीच.

शेवंड: ही मागणी मला पूर्ण मान्य. लिपिडांबद्दल मात्र मॅक्रोफेजवरचे आकडे येईपर्यंत बांगडा टाळा असं मी कुणाला सांगणार नाही.