मदत हवी आहे: 'डूडलबग'ला मराठीत काय लिहू?

गंगापूररोड
भाषांतर अडलंय. मजकुरात 'डूडलबग' सारखा येतोय. शब्दकोश किडा सांगतो, नेटवर कुठे बॉम्ब, कुठे स्कूटर. किडा बसतच नाही. उद्या सकाळी काम द्यायचंय. एकच नेमका शब्द सांगा.

पंचवटीकर
किडाच आहे. जुन्या घराच्या ओसरीला, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतात, त्याच्या तळाशी दडलेला. मुंगी काठावर आली की डोक्याने माती उडवतो, मुंगी घसरत खाली येते आणि चिमट्यासारख्या जबड्यात सापडते. जागा शोधताना उलटा सरपटतो, मातीत वेडीवाकडी रेघ उमटते. ही अळी. पुढे पंख फुटले की चतुरासारखी दिसते.

देवळाली_तोफखाना
ताई, बॉम्बच. जर्मनांचा व्ही-1. लंडनवर पहिला 13 जून 1944 ला पडला. साधारण 850 किलो स्फोटकं, वैमानिक नाही. नाकावर छोटा पंखा, त्याच्या फेऱ्यांवरून अंतर मोजलं जायचं. ठरलेलं अंतर झालं की बॉम्ब खाली झेपावायचा आणि बहुतेक वेळा इंजिन बंद पडायचं. लोक घरघर ऐकत बसायचे. ती थांबली की जमिनीवर आडवे. 'उडता बॉम्ब' लिहा.

गंगापूररोड
काका, बॉम्ब नाही. माणसं डूडलबगवर कामाला आहेत.

दिंडोरी_द्राक्ष
मिलीबग म्हणायचंय का? पिठ्या ढेकूण. द्राक्षवेलीच्या ओलांड्यावरची (आडव्या खोडावरची) सुटलेली साल खरवडून काढा, मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, त्याच त्याला सांभाळतात. नुसत्या फवारणीने जात नाही.

सह्याद्री_खडक
कुठली माणसं? देश कोणता, साल कोणतं? अख्खं वाक्य टाका, नाहीतर सगळे अंदाजच करत बसतील.

गंगापूररोड
घ्या. अमेरिकेतलं ओक्लाहोमा, 1938 ची घरगुती पत्रं. 'उन्हाळाभर डूडलबगवर होतो. आज कुरणात भोकं पाडून डायनामाइट उडवलं, शेतमालक भडकला.'

सह्याद्री_खडक
हे आधी सांगायला हवं होतं. 1938 म्हणजे बॉम्ब बाद. ही तेल शोधणारी तुकडी. जमिनीत स्फोट करायचा, खालच्या थरांवरून परत आलेली कंपनं यंत्रावर नोंदवायची, त्यावरून खडकांची रचना काढायची. या पद्धतीच्या पहिल्या चाचण्या 1921 मध्ये ओक्लाहोमातच झाल्या. त्याआधी लोक काटक्या आणि गूढ पेट्या घेऊन तेल शोधत फिरायचे, त्या पेट्यांना डूडलबग म्हणत. तेच नाव शास्त्रीय तुकड्यांना चिकटलं. 'तेलशोध तुकडी' लिहा.

दिंडोरी_द्राक्ष
म्हणजे आपला पाणाडीच की. आमच्या बोअरची जागा पाणाड्याने तळहातावर नारळ धरून दाखवली, भरपूर पाणी लागलं.

सह्याद्री_खडक
दादा, शेजारच्या कोरड्या गेलेल्या बोअरचंही सांगा. आपल्याकडे काळा बसाल्ट. पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. जमिनीत वीज सोडून रोध मोजला तर अंदाज तरी येतो. नारळाला भेग कळत नाही.

दिंडोरी_द्राक्ष
तुमच्या मशीनवाल्यांनी दाखवलेली बोअरही आमच्या शिवारात कोरडी गेलीय. पैसे मात्र घेतले.

देवळाली_तोफखाना
1944 नंतरचं पत्र असेल तर बॉम्ब धरावा, एवढं माझं म्हणणं आहे.

गंगापूररोड
पाणाड्यांसाठी वेगळा धागा काढा ना. 'तेलशोध तुकडी' घेतली. पण पुढच्या पत्रात 'डूडलबगने घरी आलो, टपालाच्या पोत्यांशेजारी बसून' असं आहे. तिथे तुकडी कशी लिहू?

पंचवटीकर
तो रेल्वेचा डबा. इंजिन डब्यातच, बहुतेक पेट्रोलवर. त्याने वीज तयार करून चाकं फिरवायची. प्रवासी कमी असलेल्या शाखा मार्गांवर वाफेची अख्खी गाडी परवडत नसे, म्हणून हा एकटा डबा सोडत. टपाल, सामान, माणसं सगळं त्यातच. 'एकडबी गाडी' चालेल. प्रत्येक पत्रात मागचंपुढचं वाक्य बघूनच शब्द ठरवा, एकच शब्द सगळीकडे लावू नका.

गंगापूररोड
लावते तसंच. तीन पत्रं उरलीत, अडले तर वाक्यासकट इथेच टाकते.