दर चौथ्या दिवशी रात्री नवीन कनेक्शन जुळत नाहीत, रीबूट केल्यावर सर्व सुरळीत होते

टॉवरखाली यांचा प्रश्न

नमस्कार. माझी सुमारे 700 ग्राहकांची छोटी इंटरनेट सेवा आहे आणि सर्व्हरचे काम मी एकटाच पाहतो. ग्राहक पीपीपीओईने (नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी सुरू करण्याच्या पद्धतीने) जोडले जातात आणि त्यांना 100.64 पासून सुरू होणाऱ्या पट्ट्यातील पत्ते मिळतात. पीपीपीओई सेशन सांभाळणे, नॅट करणे (ग्राहकांचे अंतर्गत पत्ते सार्वजनिक पत्त्यात बदलणे) आणि डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगण्याची) उत्तरे देणे ही तिन्ही कामे एकच लिनक्स मशीन करते.

गेल्या काही आठवड्यांपासून ठरावीक अंतराने एकच त्रास होतो. मशीन रीबूट केल्यानंतर तीन दिवस एकही तक्रार येत नाही. चौथ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास फोन सुरू होतात. पाने अर्धवट उघडतात, काही अ‍ॅप इंटरनेट नसल्याचा संदेश दाखवतात, तर काही घरांत आधीपासून सुरू असलेला व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालू राहतो. त्या वेळी प्रोसेसरवर भार जवळपास नसतो, 16 जीबीपैकी अर्ध्याहून अधिक मेमरी मोकळी असते आणि मुख्य लाइनचा वापर साठ टक्क्यांच्या पुढे गेलेला नसतो. प्रथम मला डीएनएसचा संशय आला, म्हणून अनबाउंड हा डीएनएसचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून पाहिला आणि एका ग्राहकाकडे बाहेरचा सार्वजनिक डीएनएसही लावून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. आम्हाला जोडणी देणाऱ्या मोठ्या कंपनीने त्यांच्या बाजूला दोष नसल्याचे कळवले आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. दुपारी एका खिडकीत सुरू करून ठेवलेल्या पिंगचे (जोडणी तपासणाऱ्या आज्ञेचे) एकही पॅकेट रात्री हरवत नाही आणि मशीनवर आधीच उघडलेले एसएसएच सेशनही (दुरून आज्ञा देण्याचे) चालते, मात्र त्याच संगणकावरून दुसरे एसएसएच उघडायला गेलो तर ते बराच वेळ थांबून सोडून देते.

रीबूट केल्यावर सर्व काही पूर्ववत होते, पण प्रत्येक वेळी 700 घरे एकदम बंद पडतात. मागच्या वेळी एका मुलीची ऑनलाइन परीक्षा सुरू असताना मला हे करावे लागले, आणि ते माझ्या मनाला फार लागले आहे. कुठून शोध सुरू करावा, कृपया सांगावे.

पहाटपहारा यांचे उत्तर

ज्या गोष्टीच्या महत्त्वाबद्दल आपल्याला शंका आहे, तिच्यातच बहुधा उत्तर आहे. जुने चालते आणि नवीन जुळत नाही, असे दिसले की लाइन, डीएनएस आणि प्रोसेसर या तिघांना बाजूला ठेवून कॉनट्रॅकचे टेबल पाहावे. नॅट करणारे लिनक्स मशीन त्यातून जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद या टेबलात ठेवते. टेबल भरले की आधीच नोंद असलेली कनेक्शन बिनदिक्कत चालू राहतात आणि ज्याला नवी नोंद हवी ते पहिलेच पॅकेट टाकून दिले जाते. आपला पिंग दुपारपासून एकाच नोंदीवर चालला आहे आणि प्रत्येक पॅकेटबरोबर ती नोंद ताजी होते, म्हणून त्याला झळ लागत नाही.

तीन दिवसांच्या शांततेचाही याच्याशी संबंध असावा. ज्या टीसीपी कनेक्शनची (वेब, एसएसएच वगैरे यावरच चालतात) जुळणी पूर्ण झाली आहे, त्याची नोंद लिनक्स मूळ सेटिंगनुसार शेवटच्या पॅकेटनंतर 432000 सेकंद, म्हणजे पूर्ण पाच दिवस जपून ठेवते. कनेक्शन रीतसर बंद झाले तर नोंद लवकर जाते. परंतु ग्राहकाच्या राउटरची वीज गेली, फोन वायफायच्या कक्षेबाहेर गेला किंवा पीपीपीओई सेशन तुटून पुन्हा जुळताना पत्ता बदलला, तर निरोपाचे पॅकेट येतच नाही आणि ती मेलेली नोंद पाच दिवस जागा अडवून बसते. रीबूट केल्यावर टेबल कोरे होते, त्यामुळे दोष दूर झाल्यासारखे वाटते, पण खरे तर पुराव्यासकट सर्व पुसले जाते.

म्हणून पुढच्या वेळी रीबूट करण्यापूर्वी दहा मिनिटे द्यावीत. कॉनट्रॅकची सध्याची नोंदसंख्या आणि कमाल मर्यादा हे दोन आकडे लिहून घ्यावेत, कॉनट्रॅकच्या आकडेवारीत ड्रॉपचा आकडा वाढतो आहे का ते पाहावे आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ हा संदेश शोधावा. कर्नल हा संदेश मर्यादित वेगानेच छापतो, त्यामुळे लॉगमध्ये दहा ओळी दिसल्या म्हणजे दहाच पॅकेटे गेली असे समजू नये. आपल्याला तो आजवर दिसला नसेल, तर लॉग फक्त मेमरीत ठेवला जात आहे का हेही तपासावे. तसे असेल तर प्रत्येक रीबूटबरोबर तोही जातो.

या सर्वांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो पहाटे चारचा आकडा. नोंदसंख्या दर पाच मिनिटांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवावी. गर्दीमुळे टेबल भरत असेल तर रात्रीचा आकडा मोठा असला तरी पहाटेचा तळ रोज जवळपास तेवढाच राहतो. तळच रोज वर सरकत असेल, तर मेलेल्या नोंदी साचत आहेत.

केबलजोड यांचे उत्तर

माझ्याकडेही असेच होत होते. मी कमाल मर्यादा वाढवली आणि जुळलेल्या टीसीपी नोंदींचा कालावधी पाच दिवसांवरून 600 सेकंदांवर आणला. त्यानंतर टेबल एकदाही भरलेले नाही. आपणही हेच करावे, फार खोलात जाण्याची गरज पडणार नाही.

टॉवरखाली

दोघांचेही आभार. या वेळी मी रीबूट न करता आकडे घेतले.

कमाल मर्यादा 65536 आहे. एवढ्या मोठ्या मशीनवर ती इतकी कमी कशी याचा शोध घेतला, तेव्हा चूक माझीच निघाली. पूर्वी 2 जीबी मेमरीचे मशीन होते, त्याची सेटिंगची फाइल मी नवीन मशीनवर जशीच्या तशी आणली होती. पहाटे चारचे आकडे रीबूटनंतरच्या पहिल्या दिवसापासून क्रमाने 9 हजार, 21 हजार, 33 हजार आणि 44 हजार असे आले. रोज रात्री गर्दीच्या वेळी त्यावर साधारण वीस-बावीस हजारांची तात्पुरती भर पडते, त्यामुळे चौथ्या रात्री नोंदसंख्या मर्यादेला टेकणारच. लॉग आता डिस्कवर ठेवायला सुरुवात केली आहे आणि आपण सांगितलेला संदेश त्यात आला आहे.

एक नोंद नमुन्यादाखल तपासली. तिच्या टायमरमध्ये 318600 सेकंद शिल्लक होते, म्हणजे शेवटचे पॅकेट जाऊन 113400 सेकंद, अर्थात साडेएकतीस तास झाले होते. रेडियसच्या (ग्राहकांच्या लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये त्या पत्त्याचे सेशन बरोबर त्याच सुमारास तुटलेले आहे आणि त्याच ग्राहकाला नंतर दुसरा पत्ता मिळालेला आहे. जुन्या पत्त्याच्या नावावर अशा 37 नोंदी अजून शिल्लक होत्या.

मी कालावधी 600 सेकंद करून एक तास वाट पाहिली, पण एकूण आकडा फारसा खाली आला नाही. यात माझे काय चुकले?

सातवा थर यांचे उत्तर

आपले काही चुकले नाही. नोंदीतून पॅकेट जाते त्या क्षणी तिला नवा कालावधी मिळतो. मेलेल्या नोंदीतून पॅकेट जाणारच नाही, त्यामुळे तिचा टायमर जुन्या पाच दिवसांच्या हिशेबानेच उतरत राहतो. ज्या पत्त्यांवर आत्ता जिवंत सेशन नाही त्यांची यादी काढावी आणि त्या पत्त्यांच्या नोंदी कॉनट्रॅकच्या डिलीट आज्ञेने हाताने काढाव्यात. रीबूटची गरज नाही आणि जिवंत ग्राहकांना धक्काही लागत नाही. सगळे टेबल एकदम रिकामे करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने चालू कनेक्शनही तुटू शकतात.

600 सेकंदांबद्दल मात्र मी केबलजोड यांच्याशी सहमत नाही. दहा मिनिटे शांत राहणारी कनेक्शन पुष्कळ असतात. ऑफिसच्या सर्व्हरवर उघडे ठेवलेले एसएसएच, एखादा डेटाबेस क्लायंट, सूचनांची वाट पाहत बसलेले अ‍ॅप ही त्यांची उदाहरणे आहेत. त्यांची नोंद मध्येच गेली तर बाहेरून येणाऱ्या पॅकेटला घराचा रस्ता सापडत नाही. ग्राहकाला मधूनच अडकल्यासारखे वाटते, त्याला कारण सांगता येत नाही आणि आपल्याला ते शोधता येत नाही. टेबल भरल्यावर निदान 700 घरांतून फोन येतात, इथे मात्र एखादाच ग्राहक कुढत राहतो आणि शेवटी सेवा सोडतो. 2008 मधील आरएफसी 5382 हे इंटरनेट मानकांचे टिपण नॅटसाठी किमान 2 तास 4 मिनिटे, म्हणजे 7440 सेकंद सांगते. हा आकडा विचारपूर्वक ठरवलेला आहे. टीसीपीचे कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते पाहणारे) पॅकेट सहसा दोन तासांनी जाते, ते पोहोचेपर्यंत नोंद टिकावी म्हणून वरची चार मिनिटे. आपण 7440 ठेवावे.

मर्यादा 262144 करण्यास हरकत नाही. एका नोंदीला सुमारे 300 बाइट धरले तरी सर्व मिळून शंभर मेगाबाइटच्या आत बसते. सध्याच्या 65536 मध्ये 700 घरांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 94 नोंदी येतात, आणि एका घरातील दोन फोन आणि एक टीव्ही एवढ्या सहज वापरतात. मर्यादेबरोबर हॅशचा (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या कप्प्यांचा) आकारही पाहावा. प्रत्येक नोंद जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन्ही दिशांनी हॅशमध्ये असते, त्यामुळे कप्पे कमी असतील तर प्रत्येक पॅकेटमागे लांब साखळी तपासावी लागते आणि प्रोसेसरवर विनाकारण भार येतो.

तरीही मूळ उपाय सेशन तुटण्याच्या जागीच आहे. पीपीपीओई सेशन बंद झाल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या पत्त्याच्या नोंदी काढण्याची एक ओळ घालावी. ही स्क्रिप्ट उशिरा चालली आणि तोवर तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळाला, तर नव्या ग्राहकाच्या नोंदी जातील. म्हणून पत्ते वाटताना नुकताच सुटलेला पत्ता लगेच देऊ नये, सर्वांत आधी सुटलेला प्रथम द्यावा. घरातील फोन निघून गेल्याने राहिलेल्या नोंदींना ही स्क्रिप्ट पुरणार नाही, त्यांच्यासाठी 7440 आहेच.

पहाटपहारा

वरील सर्व योग्य आहे. डीएनएसबाबत एक भर घालतो. आपला रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरे शोधणारा प्रोग्रॅम) याच मशीनवर असल्याने ग्राहकाचा प्रत्येक प्रश्न टेबलात जागा घेतो आणि ती नोंद 30 सेकंद राहते. या प्रश्नांना नॅटची गरजच नसते. ग्राहकांकडून 53 क्रमांकाच्या पोर्टवर रिझॉल्व्हरकडे येणारी पॅकेटे आणि त्यांची उत्तरे फायरवॉलच्या रॉ टेबलात नोट्रॅक करावीत, म्हणजे कॉनट्रॅकमध्ये त्यांची नोंद होणार नाही. तसे केल्यावर ‘आधीच्या कनेक्शनला परवानगी’ हा नियम त्यांना लागू होत नाही, म्हणून फायरवॉलमध्ये दोन्ही दिशांना स्पष्ट परवानगी द्यावी लागते. ते विसरले तर सर्व ग्राहकांचा डीएनएस एका क्षणात बंद पडेल.

रिझॉल्व्हर स्वतः बाहेर जे प्रश्न विचारतो, त्यांची नोंद मात्र राहू द्यावी. 2008 मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी डीएनएसमधील दोष उघड केल्यापासून प्रत्येक प्रश्न वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून पाठवला जातो. आपल्याकडे नॅट आणि रिझॉल्व्हर एकच सार्वजनिक पत्ता वापरत असतील, तर नोंद नसलेला असा पोर्ट एखाद्या ग्राहकाला दिलेल्या पोर्टशी जुळू शकतो आणि उत्तर भलत्याच घरी जाऊ शकते. पुढे जमेल तेव्हा रिझॉल्व्हर वेगळ्या मशीनवर आणि वेगळ्या पत्त्यावर न्यावा.

केबलजोड

600 सेकंदांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. माझ्या दोन ग्राहकांची ऑफिसचे कनेक्शन तुटत असल्याची तक्रार अनेक दिवसांपासून होती आणि मी त्यांचे राउटर बदलून देत होतो. आजच माझ्याकडेही 7440 केले आहे.

टॉवरखाली

सातव्या दिवसाची नोंद देतो. मर्यादा 262144, कालावधी 7440, सेशन बंद होतानाची स्क्रिप्ट आणि ग्राहकांच्या डीएनएस प्रश्नांसाठी नोट्रॅक असे सर्व लागू आहे. पत्ते वाटण्याचा क्रमही बदलला आहे. पहाटे चारचा आकडा सलग चार दिवस सात ते आठ हजारांच्या दरम्यान राहिला आणि काल रात्रीचा सर्वाधिक आकडा 31 हजार होता. ड्रॉपचा आकडा त्यानंतर हललेला नाही. नोंदसंख्या मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर गेली तर मला संदेश यावा अशी व्यवस्थाही केली आहे. रिझॉल्व्हरसाठी जुने 2 जीबीचे मशीन तयार करतो आहे. रविवारी पहाटे तीन वाजता त्यावर आधी फक्त वीस ग्राहक टाकून पाहीन.