ट्रकच्या डिफेक्टच्या पोस्टी वाचून नवी गाडी घ्यायचं थांबवावं का?

देवासनाका:
नमस्कार मंडळी. आमच्या दोन दहाचाकी आहेत, बीएस-४ वाल्या (म्हणजे २०२० आधीच्या धुराच्या नियमांच्या), इंदूर-भिवंडी लाइन. आता एक नवीन बाराचाकी घ्यायची म्हणून टोकन देऊन बसलोय (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लगेच मारामारी सुरू होते). टोकन दिलं आणि त्याच रात्री पोराने मोबाइल हातात ठेवला, बाबा हे वाचा. त्याच मॉडेलची कोणाचा नॉक्स सेन्सर (धुरातला विषारी वायू मोजणारा) सारखा जातोय, कोणाचा डेफचा (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा) पंप, कोणाची गाडी चेक लाइट लागली की ओढायचंच सोडून देते, एकाने तर धुळ्याच्या पुढे भरलेली गाडी उभी करून व्हिडिओ टाकलाय, शिव्यांसकट. शोरूमवाला म्हणतो काका, लोक काय वाट्टेल ते लिहितात. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी सांगा, हे मनावर घ्यायचं का? डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे.

लोहामंडीकर:
अजिबात घेऊ नका मनावर. ज्याची गाडी मुकाट चालतेय तो रात्री बसून "आज माझा सेन्सर ठीक होता" असं लिहीत नाही. बोंब मारणारे चार, त्यात एखादा दुसऱ्या कंपनीच्या डीलरचा भाचा, आणि उरलेल्यांनी डेफच्या टाकीत काय ओतलं ते देव जाणे. खरं डेफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी मिनरल काढलेलं पाणी. लोक काय करतात, खताचा युरिया बोअरिंगच्या पाण्यात ढवळतात, आणि त्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग असतं भिया, शेतीसाठी. ते नोझलमध्ये जाऊन बसतं, आत धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते, आणि मग व्हिडिओ की कंपनीने फसवलं! अरे बाबा आधी तू गाडीला फसवलंस.

हिशेबवाली:
लोहामंडीकर काका, तुमचं डेफचं म्हणणं मान्य, पण "चार जण बोंब मारतात" हे उलटं आहे. मी ट्रान्सपोर्ट नगरात सासऱ्यांच्या ऑफिसचे हिशेब बघते. आपल्या धंद्यात गाडी चालवतो एक आणि गाडीचा मालक दुसरा. ज्याला बिघाड कळतो त्या ड्रायव्हरच्या हातात फोन असला तरी तो कुठे लिहिणार, आणि लिहिलं तर उद्या त्याला कामावर कोण ठेवणार. तो ऑफिसात येऊन सांगतो, शेठ गाडी घाटात पिकअप सोडते. त्याला काय उत्तर मिळतं? गिअर चुकीचा टाकत असशील, झोपला असशील, डिझेल विकलं असशील. हे मी रोज ऐकून राहिलेय, आमच्याही आणि शेजारच्याही ऑफिसात. म्हणजे कार विकत घेणारा माणूस लहानशा खरखरीवरही पोस्ट टाकतो, आणि ट्रकच्या दहा बिघाडांमधला एखादा जरी लिहिला गेला तर नशीब. मग जो लिहिला गेला त्याला "अफवा" म्हणून सोडून द्यायचं?
दुसरं, भरलेली गाडी एक दिवस उभी राहिली तर काय होतं ते डिफेक्टवाल्या चर्चेत कोणी मांडतच नाही. हप्ता चालू, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता चालू, पार्टी लेट डिलिव्हरीचे पैसे भाड्यातून कापते, आणि माल घाईचा असला तर दुसरी गाडी बोलावून भर रस्त्यात तिच्यात भरायचा, हमाली वेगळी. सेन्सर वॉरंटीत फुकट बदलून मिळतो हो, हे बाकीचं कोण देतं?

घाटउतार:
मी मोटर क्लेमच्या कामात आहे, माझं मत लोहामंडीकरांच्या बाजूने. गणेश घाटाचं उदाहरण घ्या, इंदूरहून धामनोदकडे उतरताना. वर्षानुवर्षं तिथे गाड्या एकमेकांवर आदळल्या, शेवटी वेगळा रस्ता काढावा लागला. दर वेळी बातमी काय, "ब्रेक फेल". ऐकणाऱ्याला वाटतं ब्रेकमध्ये खोट. आता एअर ब्रेकमधली हवा संपली तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागून मागची चाकं जाम होतात, गाडी सुटत नाही, अडते. सुटते कधी, जेव्हा माणूस डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवतो किंवा वरच्या गिअरमध्ये सोडतो, पूर्ण उतार ब्रेक दाबत येतो, ड्रम तापून लाल होतात आणि लायनिंग पकडच सोडतं. वर ओव्हरलोड. २०१८ मध्ये सरकारने तीन अ‍ॅक्सलच्या गाडीचं कायदेशीर वजनच २५ वरून २८.५ टन केलं, तरी लोकांचं समाधान नाही. हे सगळं झाल्यावर इंटरनेटवर लिहायचं की अमुक कंपनीचे ब्रेक बेकार. अशा पोस्टी वाचून गाडी ठरवणार असाल तर बैलगाडीच घ्या.

पीथमपुरी:
घाटउतार साहेब, तांत्रिक बाजू बरोबर सांगितलीत, फक्त एक गोष्ट राहिली. अपघातानंतर ड्रम उघडून कोण बघतं? कागदावर "ब्रेक फेल" किंवा "ड्रायव्हरचा निष्काळजीपणा", विषय संपला. समजा शंभरातल्या तीन गाड्यांना खरंच ब्रेकचं अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर खराब लॉटमधला लागला होता, ते कधी कळणार? सगळं ड्रायव्हरवर ढकललं की खोट शोधायची गरजच उरत नाही.
मी पीथमपूरला पार्ट बनवणाऱ्या व्हेंडरकडे क्वालिटीत आहे (ट्रक कंपनीत नाही, आधीच सांगतो). बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डिफेक्ट म्हणजे पूर्ण मॉडेल खराब. तसं क्वचित असतं. बहुतेक वेळा एका काळातला लॉट असतो, कुठेतरी टूल घासलेलं, हीट ट्रीटमेंटचा एक घाणा बिघडलेला, सीलचा सप्लायर बदललेला. त्यामुळे पोस्ट वाचताना शिव्या वगळा आणि फक्त एवढं बघा की कोणता पार्ट, किती किलोमीटरवर, गाडी कोणत्या महिन्यात बनलेली, काम काय करते. ज्यांची एकमेकांशी ओळख नाही असे नागपूर, राजकोट, हुबळीचे लोक जर तोच पार्ट साधारण त्याच किलोमीटरवर गेला म्हणत असतील तर ती अफवा नाही, ते आमच्या वॉरंटीच्या शीटवर आधीच आलेलं असतं, फक्त तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं.
आणि काम काय हे सर्वात महत्त्वाचं. बीएस-६ मध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, धुरातली काजळी डीपीएफमध्ये (धुराच्या नळीतल्या गाळणीत) अडकते आणि ती जाळायला एक्झॉस्ट गरम व्हावा लागतो. भिवंडी लाइनची गाडी तासन्‌तास एका चालीत धावते, काजळी आपोआप जळते. तीच गाडी मांगलियाहून गोडाउन, गोडाउनहून मंडी अशी दिवसभर रखडत फिरवली तर डीपीएफ चोक होणारच, मग बटण दाबून उभ्या गाडीत रीजन मारत (काजळी जाळत) बसा. दोघे एकाच मॉडेलबद्दल लिहितात, एक म्हणतो सोनं, एक म्हणतो भंगार, आणि दोघेही खरं बोलतात.

लोहामंडीकर:
म्हणजे माझंच म्हणणं झालं की, पोस्टीवरून काही कळत नाही!

पीथमपुरी:
नाही हो काका. अमेरिकेतलं सांगतो. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ वाल्या मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही, २०२१ ते २०२४ च्या. मालक लोक तिकडच्या सरकारी खात्याकडे लिहीत होते की इंजिन चालता चालता बंद पडतं. जानेवारी २०२५ मध्ये खात्याने चौकशी उघडली आणि एप्रिलमध्ये कंपनीने जवळजवळ ६ लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये खोट निघाली. तेव्हाही म्हणणारे म्हणतच असतील की रडे लोक आहेत, ऑइल वेळेवर बदलत नाहीत.

लोहामंडीकर:
ती बातमी मीही वाचलीय, पुढचं तुम्ही खाल्लंत. खरी खोट साधारण ३ टक्के गाड्यांत असेल असा कंपनीचाच अंदाज होता. बाकीच्या तपासून, जाड ऑइल टाकून घरी पाठवल्या. म्हणजे ९७ जणांनी विनाकारण झोप उडवून घेतली.

हिशेबवाली:
काका, ३ टक्के हा आकडा कंपनीच्या आणि साठ-सत्तर गाड्यांच्या मालकाच्या कामाचा. त्याच्या दोन बिघडतील, बाकीच्या त्यांचा हप्ता काढतील. धागा काढलाय त्यांच्याकडे ही तिसरी गाडी येणार आहे. त्यांची बिघडली तर शंभर टक्के बिघडली. म्हणून तर म्हणतेय, छोट्या मालकाने जास्त काळजी करायची आणि नेमका तोच शोरूमवाल्याच्या चहाला भुलतो.

राजेंद्रनगर:
एवढी कटकट आहे तर बिनडेफवाली जुनी बीएस-४ घ्या ना सरळ, सेन्सरची भानगडही कमी.

घाटउतार:
भिवंडीपुरतं चालेल. पण दिल्लीचं भाडं मिळालं तर? तिकडे बाहेरच्या बीएस-३ मालगाड्या १ नोव्हेंबर २०२५ पासून बंद झाल्यात, बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत दिलेली. आणि जुन्या गाडीची खोट तर कोणी ऑनलाइनही लिहीत नाही, ती विकणाऱ्याच्या पोटात असते.

हिशेबवाली:
कायद्याचं पण सांगून ठेवते, कारण शोरूममध्ये हे कोणी बोलत नाही. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी असली आणि एकाच मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत पोचल्या की सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. पण ती टक्केवारी भरते परिवहन खात्याच्या पोर्टलवरच्या तक्रारींनी, मोबाइलवर शिव्या घालून नाही. ट्रान्सपोर्ट नगरात विचारून बघा हे पोर्टल किती जणांनी उघडलंय. धुळ्याच्या व्हिडिओवाल्याने तिथे नंबर टाकून तक्रार केली असती तर मला त्याच्याबद्दल जास्त आदर वाटला असता.
आणि ग्राहक आयोगात जायचं तर "व्यावसायिक वापर" म्हणून कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला अडवतो. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून गाडी चालवणाऱ्याला कायद्यात सूट आहे. तीन गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असलेल्याला ते सिद्ध करायला घाम फुटतो. म्हणजे नंतर भांडायची जागा कमी, म्हणून आधी काळजी करा.

लोहामंडीकर:
वहिनी, तुम्ही काळजी करा म्हणता, पण करायचं काय? टोकन सोडायचं? दुसऱ्या कंपनीची घ्यायची? तिच्याबद्दलही तेवढ्याच पोस्टी आहेत, मी आत्ता शोधून आलो. आमच्या वडिलांनी पूर्ण आयुष्य गाड्या चालवल्या, एक पोस्ट वाचली नाही.

पीथमपुरी:
काका, त्यांच्या गाडीत कॉम्प्युटरही नव्हता. तेव्हा बोनेट उघडलं की दिसायचं काय तुटलंय आणि सेंधव्याचा मेकॅनिक तारेने बांधून द्यायचा. आता डेफ संपलं किंवा सेन्सरने चुकीचं वाचलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि लॅपटॉप असल्याशिवाय कोणी हात लावू शकत नाही. त्यामुळे माझ्या लेखी गाडी कोणती यापेक्षा तुमच्या लाइनवर लॅपटॉपवाला कुठे कुठे आहे आणि पार्ट त्याच्या कपाटात आहे की पुण्याहून मागवायचा, हे आधी विचारायचं. बिघाडाच्या पोस्टीत लोक हेच जास्त लिहितात, नीट वाचा: सेन्सर गेला हे एका ओळीत, आणि पार्टची वाट बघत बसलो हे वीस ओळींत.

देवासनाका:
सगळ्यांचं वाचलं. टोकन सोडणार नाही, लोहामंडीकरांशी तेवढं सहमत, कारण पर्याय म्हणून जी बघत होतो तिच्याही पोस्टी पोराने काढून दाखवल्या. पण दुपारी शोरूमला फोन लावून पीथमपुरींनी सांगितलं तसं विचारलं. गाडी कोणत्या महिन्यात बनलेली देणार, डेफच्या पंपाचा पार्ट नंबर मधल्या काळात बदललाय का, आणि धुळे, नाशिक, भिवंडी तिन्ही ठिकाणी सेन्सर स्टॉकला असतो का. पोरगा गडबडला, म्हणाला मॅनेजरला विचारून सांगतो. संध्याकाळी मॅनेजरचा फोन, काका तुम्ही निश्चिंत राहा, सगळं आहे. मी म्हटलं लिहून द्या. म्हणाला तसं लिहून द्यायची पद्धत नाही.

लोहामंडीकर:
देणारच नाहीत. मी आधीच सांगितलं असतं.

हिशेबवाली:
हेच तिन्ही प्रश्न आज रात्रीच ईमेलने पाठवा, चॅसिस नंबर मागून घ्या आणि तोही त्यात टाका. सोबत कंपनीच्या कस्टमर केअरलाही कॉपी ठेवा. उत्तर आलं तर प्रिंट काढून गाडीच्या फाइलमध्ये लावायचं. नाही आलं तरी पाठवलेल्या मेलची प्रिंट लावायची, तारखेसकट. आणि एक, डिलिव्हरी घ्यायला जाताना जो ड्रायव्हर त्या गाडीवर बसणार आहे त्याला सोबत न्या, पोराला नाही.